शंभर मिलिसेकंदांचा मुक्काम

डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाला मधूनच इशारा द्यायचा आणि विचारायचे: आत्ता, इशारा मिळण्याच्या अगदी आधी, मनात काय चालले होते? कुणी सांगतो, एक चित्र डोळ्यांसमोर होते. कुणी सांगते, चित्र वगैरे काही नव्हते, नुसता कशाचा तरी विचार चालू होता. या सगळ्या वेळात डोक्यावरचे इलेक्ट्रोड मेंदूची विद्युत हालचाल टिपत असतात. झ्युरिकच्या डीट्रिश लेहमान यांनी सहकाऱ्यांसह केलेला असा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. इशाऱ्याला लागून असलेल्या इवल्याशा तुकड्यातला विद्युत नकाशा चित्ररूप विचाराच्या वेळी एका धाटणीचा होता आणि अमूर्त विचाराच्या वेळी दुसऱ्या.

हे तुकडे म्हणजे मायक्रोस्टेट, मेंदूच्या सूक्ष्म अवस्था. साधारण साठ ते एकशेवीस मिलिसेकंद एका अवस्थेचा मुक्काम असतो, मग ती जाते आणि दुसरी येते. लेहमान यांनी त्यांना ‘विचारांचे अणू’ म्हटले. हे नाव मोहक आहे आणि गेली तीस-पस्तीस वर्षे या संशोधनाला त्याने ऊर्जाही पुरवली आहे. पण मोजमाप जिथवर पोहोचले आहे, त्याच्या बरेच पुढे हे नाव जाऊन उभे राहिले. या पद्धतीतून हाती येणारे आकडे मोलाचे आहेत. त्या आकड्यांमागच्या ‘अवस्था’ मात्र काही अंशी मेंदूच्या असतात आणि काही अंशी आपल्या हिशेबाच्या. हा दुसरा वाटा किती, हे दर वेळी वेगळे काढून दाखवल्याशिवाय अणूंची भाषा वापरणे योग्य नाही.

आधी ही पद्धत काय आहे ते पाहायला हवे. हान्स बर्गर यांनी येना येथे १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत हालचालीची नोंद, घेतला आणि १९२९ साली तो जगापुढे ठेवला. डोळे मिटल्यावर सेकंदाला दहाच्या आसपास येणारी अल्फा लय त्यांनीच दाखवली. तेव्हापासून ईईजी म्हणजे कागदावर खालीवर होणाऱ्या रेघा, हे समीकरण डोक्यात बसले. पण यातली प्रत्येक रेघ दोन ठिकाणांच्या विद्युतदाबातला फरक असते. तुलनेचा इलेक्ट्रोड कानामागे लावला तर रेघ एक दिसते, नाकावर लावला तर दुसरी. मेंदू तोच, क्षण तोच, आणि रेघ वेगळी. ही अडचण किरकोळ नाही. रेघेच्या उंचीवर किंवा शिखराच्या वेळेवर उभारलेला निष्कर्ष तुलनेची जागा बदलली की डळमळू शकतो.

लेहमान यांनी रेघा बाजूला ठेवल्या. एका क्षणी सगळ्या इलेक्ट्रोडवर किती दाब आहे ते डोक्याच्या नकाशावर मांडायचे, पुढच्या क्षणी पुन्हा मांडायचे, आणि नकाशांची मालिका पाहायची. तुलनेची जागा बदलली तर सगळा नकाशा सारखाच वर किंवा खाली सरकतो. त्यातले चढउतार तसेच राहतात. त्यांचा अल्फा नकाशांवरचा लेख १९७१ चा. १९८० मध्ये त्यांनी वोल्फगांग स्क्रांडिस यांच्यासोबत ‘ग्लोबल फील्ड पॉवर’ हे माप मांडले. एका क्षणी सर्व इलेक्ट्रोडवरचे आकडे एकमेकांपासून किती विखुरलेले आहेत, एवढेच ते सांगते. चढउतार ठळक असले की हे माप मोठे, नकाशा सपाट असला की लहान. १९८७ च्या लेखात या मालिकेचे तुकडे पाडण्याची रीत आली आणि मायक्रोस्टेट हे नावही रूढ झाले.

नकाशांच्या मालिकेत एक गोष्ट ठसठशीत दिसली. चढउतारांची ठेवण काही काळ टिकते, तिची तीव्रता कमीजास्त होते, आणि मग थोडक्या वेळात ती बदलून दुसरीच होते. यामागे भौतिकशास्त्राचा आधार आहे. डोक्यावरच्या दोन नकाशांची ठेवण वेगळी असेल, तर मेंदूच्या आत काम करणारे स्रोतही वेगळे असलेच पाहिजेत. उलट बाजूने हे खरे नाही, कारण वेगवेगळे स्रोत सारखाच नकाशा उमटवू शकतात. तरीही पहिले विधान पक्के आहे आणि या पद्धतीचा खरा पाया तेच आहे. ज्यांना मायक्रोस्टेट हे निव्वळ गणिती खेळ वाटतात, त्यांनी हा पाया विसरू नये.

आता हिशेब जवळून पाहू. समजा १९ इलेक्ट्रोड आहेत, डोळे मिटून पाच मिनिटांची नोंद घेतली आहे, आणि सेकंदाला २५० वेळा मोजणी होते. दर चार मिलिसेकंदांना एक नकाशा, म्हणजे पाच मिनिटांत ७५ हजार नकाशे. हे सगळे कुणी वापरत नाही. ग्लोबल फील्ड पॉवर जिथे शिखरावर असते तेवढेच क्षण वेचले जातात, कारण तिथे सिग्नल स्वच्छ असतो. अल्फा लय सेकंदाला दहाची धरली, तर प्रत्येक लाटेत एकदा धन बाजूचे आणि एकदा ऋण बाजूचे असे दोन वेळा शिखर येते. म्हणजे सेकंदाला सुमारे वीस शिखरे आणि पाच मिनिटांत सहा हजारांच्या आसपास नकाशे. नकाशा उलटा झाला, म्हणजे धनाच्या जागी ऋण आणि ऋणाच्या जागी धन, तरी तो तोच मानला जातो, कारण आतला स्रोत तोच राहून फक्त त्याची दिशा फिरलेली असते.

मग या सहा हजारांचे गट पाडायचे. रॉबर्टो पास्क्वाल-मार्की, क्रिस्टोफ मिशेल आणि लेहमान यांनी १९९५ मध्ये यासाठी के-मीन्स पद्धतीत बदल करून दिला. सुरुवातीला काही नकाशे यदृच्छेने नमुना म्हणून उचलायचे, प्रत्येक नकाशा ज्याच्याशी सर्वांत जुळतो त्या नमुन्याकडे टाकायचा, गटावरून नमुना नव्याने काढायचा, आणि गट स्थिरावेपर्यंत हे करत राहायचे. सुरुवात यदृच्छेने होत असल्याने ही फेरी अनेकदा करून सर्वांत चांगले उत्तर ठेवतात. दुसऱ्या एका पद्धतीत प्रत्येक नकाशा आधी स्वतंत्र गट असतो. ज्या गटाचा एकूण स्पष्टीकरणात वाटा सर्वांत कमी, तो मोडायचा आणि त्यातले नकाशे एकेकटे दुसऱ्या गटांत वाटून टाकायचे. जिनिव्हाच्या गटाने ती बरीच वापरली आहे, आणि तिचे उत्तर दर वेळी तेच येते.

शेवटी हे चार-पाच नमुने पुन्हा मूळ नोंदीवर बसवतात. प्रत्येक क्षणाला अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर मिळते. फार छोटे तुकडे शेजाऱ्यांत मिसळून टाकले जातात. पाच मिनिटांचा मेंदू एका लांबलचक अक्षरमालेत उतरतो. मग कोणते अक्षर सरासरी किती वेळ टिकते, सेकंदाला किती वेळा येते, एकूण वेळेतला किती वाटा व्यापते आणि कोणामागून कोण येते, हे मोजायचे.

या प्रत्येक पायरीवर माणसाने निर्णय घेतलेला आहे. शिखरेच का? नकाशा उलटा झाला तरी तोच का? गट चारच का? कुणी २ ते २० हर्ट्झ एवढीच लय ठेवून बाकी गाळतो, कुणी १ ते ४० ठेवतो. हे कशावरून ठरते? छोटा तुकडा म्हणजे किती छोटा? यातल्या प्रत्येक निर्णयाला कारण आहे, पण निर्णय तो निर्णयच, आणि त्याचा ठसा उत्तरावर उमटतो.

एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शिखरे पन्नास मिलिसेकंदांच्या अंतराने येतात असे धरू. आता मेंदू विसरून जाऊ आणि प्रत्येक शिखराला चार अक्षरांपैकी एखादे निव्वळ चिठ्ठी टाकून देऊ. चिठ्ठीत तेच अक्षर पुन्हा येण्याची शक्यता एकचतुर्थांश. त्यामुळे एक अक्षर सरासरी सव्वा ते दीड शिखर टिकेल, नेमके सांगायचे तर १.३३. पन्नासने गुणले की साधारण ६७ मिलिसेकंद. म्हणजे स्थिर अवस्थेचा मागमूस नसतानाही मायक्रोस्टेटच्या नेहमीच्या मुक्कामाची खालची मर्यादा हाती आली! गट चाराऐवजी सात केले, तर हीच चिठ्ठी सुमारे ५८ मिलिसेकंद देते. मुक्काम आखूड झाला आणि मेंदूत काहीही घडले नाही.

यावरून मायक्रोस्टेट खोटे ठरत नाहीत. प्रत्यक्षात मुक्काम बरेचदा ऐंशी, शंभर मिलिसेकंदांपर्यंत जातो. चिठ्ठीच्या उत्तराहून तो जास्त आहे आणि तो जास्तीचा भाग मेंदूतून येतो. पण शोधनिबंधात जेव्हा एकच आकडा छापला जातो, ‘अमुक अवस्था ९४ मिलिसेकंद टिकते’ अशा थाटात, तेव्हा त्यातले किती मिलिसेकंद अल्फा लयीचे, किती गटांच्या संख्येचे आणि किती त्या माणसाच्या मेंदूतल्या जाळ्यांचे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ते कळणे हा त्याचा हक्क आहे.

हा आक्षेप नुसता कागदावरचा नाही. फ्रेडरिक फॉन वेग्नर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या अक्षरमालांची माहितीशास्त्राच्या अंगाने तपासणी केली. मालेत आवर्तने सापडली आणि ती अल्फाच्या दुपटीच्या तालावर होती. म्हणजे सेकंदाला वीस, वर आलेलाच आकडा. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की गट पाडण्याची पद्धत बदलली तरी मालेचा हा स्वभाव बदलत नाही. प्रागच्या निकोला याय्त्सय आणि यारोस्लाव्ह ह्लिंका यांनी २०२३ मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला. खऱ्या ईईजीइतकीच इलेक्ट्रोडमधली परस्परसंगती आणि कालिक लय ठेवून, पण एरवी सर्वस्वी सरळ-रेषीय असा कृत्रिम ईईजी तयार केला तर काय दिसते? मायक्रोस्टेटची बहुतेक गुणवैशिष्ट्ये त्यातही दिसली. या कृत्रिम नोंदीत एका अवस्थेतून दुसरीत उडी मारणारे काहीच बसवलेले नव्हते.

मिश्रा, एंगलित्झ आणि कोहेन यांचा २०२० चा लेख तर शीर्षकातच सांगतो की मायक्रोस्टेट ही सलग घडणारी गोष्ट आहे. प्रत्येक क्षणाचा नकाशा हा एका बहुमितीय अवकाशातला बिंदू मानला, तर खरे मुक्काम असल्यास बिंदूंचे वेगळे पुंजके दिसायला हवेत. दिसते ती मुख्यतः अखंड वाट. दिवसाचे आठ प्रहर पाडले म्हणून सूर्य आठ ठिकाणी थांबत नाही. तरी प्रहरांचा उपयोग असतोच. मायक्रोस्टेटबद्दल आज एवढे म्हणणे सर्वांत सुरक्षित आहे.

मग उपयोग काय? इथे या पद्धतीच्या बाजूने भक्कम पुरावा आहे आणि तो नीट वाचायला हवा. थॉमस कोएनिग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६ ते ८० वर्षे वयाच्या ४९६ जणांच्या नोंदी तपासल्या. चार नमुने सर्व वयांत सापडले आणि त्यांचे मुक्काम, त्यांचे वाटे वयानुसार बदलत गेले. आज जगभर जी अ, ब, क, ड अक्षरे चालतात ती मुख्यतः या कामातून आली. चार नमुने मिळून साधारण ६५ ते ८४ टक्के विद्युत बदल समजावून देतात, असे मिशेल आणि कोएनिग यांचा २०१८ चा आढावा सांगतो. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या यंत्रांवर, सारखेच चार-पाच नकाशे पुन्हा पुन्हा येतात. मोजमापाला दुसरे काही नको असले तरी हे पुनरागमन हवेच असते, आणि ते इथे आहे.

स्किझोफ्रेनियाबाबत हे पुनरागमन आणखी ठळक आहे. औषध सुरू न झालेल्या तीव्र अवस्थेतल्या रुग्णांमध्ये एक नमुना वेगळा वागतो, हे १९९९ मध्ये दिसले. २००५ च्या बहुकेंद्री अभ्यासात अक्षरांचा क्रमच फिरलेला आढळला: निरोगी माणसांत अ-नंतर क-मग ड हा कल, रुग्णांत अ-नंतर ड-मग क. २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात क जास्त वेळा येतो आणि ड कमी टिकतो हे पुन्हा पुढे आले. लोझानच्या ईपीएफएल संस्थेच्या गटाने २०२० मध्ये १०१ रुग्ण, ४३ निरोगी भावंडे आणि ७५ इतर निरोगी माणसे यांची तुलना केली. रुग्णांप्रमाणे त्यांच्या निरोगी भावंडांतही क वाढलेला आणि ड घटलेला होता. म्हणजे हा फरक आजारपणाचा किंवा औषधांचा परिणाम एवढ्यावर भागवता येत नाही. कुटुंबात चालत आलेल्या जोखमीशी त्याचे नाते असू शकते. अवस्था खऱ्या की हिशेबाच्या, या वादाने हा निष्कर्ष पुसला जात नाही. दोन्ही बाजूंना एकच हिशेब लावला आहे, आणि तरी फरक उरला आहे.

घसरण सुरू होते ती अक्षरांना अर्थ चिकटवताना. युलियाने ब्रिट्झ, दिमित्री व्हान दे व्हिले आणि मिशेल यांनी २०१० मध्ये ईईजी आणि एफएमआरआय एकाच वेळी घेतले. अ-ची जुळणी ध्वनी आणि भाषेशी संबंधित जाळ्याशी झाली, ब-ची दृष्टीशी, क-ची महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधणाऱ्या जाळ्याशी, ड-ची अवधानाशी. काम नेटके होते. पण त्यानंतर कित्येक लेखांत हे नाते जणू शब्दकोशातला अर्थ असावा तसे वापरले जाऊ लागले: या रुग्णांत ब कमी, म्हणजे दृश्य प्रक्रिया मंद. २०१६ मध्ये पॅट्रिशिया मिल्त्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना मुद्दाम चित्ररूप किंवा शब्दरूप विचार करायला सांगितले. चित्ररूप विचारात अ वाढला आणि शब्दरूप विचारात ब. कोशाच्या नेमके उलट. त्याआधी २०१२ मध्ये व्हेरेना ब्रोडबेक आणि सहकाऱ्यांनी झोपेतल्या नोंदी तपासल्या होत्या. डोळ्यांच्या जलद हालचाली नसलेल्या (एनआरईएम) झोपेच्या टप्प्यांतही जागेपणासारखेच चार नकाशे सापडले, आणि गाढ झोपेत त्यांचे मुक्काम लांबलेले होते. ड म्हणजे अवधान असेल, तर गाढ झोपेत कोण कशाकडे अवधान देत होते?

अर्थ अक्षरात नाही. तो त्या वेळी चाललेल्या कामात, माणसाच्या अवस्थेत आणि आतल्या स्रोतांत शोधावा लागतो. एकाच ठेवणीचा नकाशा वेगवेगळ्या स्रोतांतून येऊ शकतो, हे भौतिकशास्त्राचे उलटे टोक इथे विसरले जाते.

महाराष्ट्रात या विसरण्याची किंमत न्यायालयापर्यंत गेलेली आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावली. इतर पुराव्यांसोबत ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ या ईईजीवर आधारलेल्या चाचणीचा आधार निकालात घेतला होता. या चाचणीत संशयित गप्प बसतो, त्याला घटनेबद्दलची वाक्ये ऐकवतात, आणि त्याने ती गोष्ट स्वतः अनुभवली आहे की नुसती ऐकली आहे हे संगणक सांगतो, असा दावा असतो. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्याच वर्षी बंगळूरच्या निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्या शास्त्रीय कसोटीला उतरत नाहीत असे म्हटले. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना केलेली नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचणी घटनाबाह्य ठरवली.

ती चाचणी म्हणजे मायक्रोस्टेट नव्हे. दोघांचे गणित निराळे आहे. सारखी आहे ती उडी. डोक्यावरचा विद्युतदाब मोजायचा, त्याचे वर्ग पाडायचे, वर्गांना मनातल्या गोष्टींची नावे द्यायची, आणि मग नावच पुरावा म्हणून पुढे करायचे. प्रयोगशाळेत या उडीने एखादा निबंध चुकतो. बाहेर तिने माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते. बाजारात डोक्याला बांधायच्या पट्ट्या मन शांत झाले की अस्वस्थ हे सांगण्याची जाहिरात करत आहेत, अशा काळात ‘विचारांचे अणू’ हे शब्द जपून वापरण्याची जबाबदारी संशोधकांवरच येते.

पर्यायी पद्धती आहेत. ‘हिडन मार्कोव्ह मॉडेल’मध्ये शिखरांची निवड लागत नाही आणि अवस्थांमधले संक्रमण मॉडेलमध्येच बसवलेले असते. अ‍ॅडम बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ती मेंदूच्या चुंबकीय नोंदींवर वापरली तेव्हा शंभर ते दोनशे मिलिसेकंदांच्या अवस्था मिळाल्या. मात्र तिथेही अवस्थांची संख्या माणूसच ठरवतो, आणि अवस्था वेगळ्या असतात हे आधीच गृहीत धरलेले असते. त्यामुळे नवे मॉडेल आणल्याने प्रश्न सुटत नाही. तो सुटतो तुलनेने. खऱ्या नोंदीबरोबर तिची कृत्रिम जुळी नोंद तपासायची आणि दोन्हींतला फरक छापायचा. गट चार, पाच, सहा, सात असे बदलून निष्कर्ष टिकतो का ते दाखवायचे. आणि अक्षराऐवजी नकाशाची ठेवणच पुढे ठेवायची, कारण एका निबंधातला क दुसऱ्या निबंधातल्या क-सारखाच असतो असे नाही. कोएनिग आणि बऱ्याच गटांनी अलीकडे एकत्र येऊन प्रसिद्ध झालेले नमुने एका ठिकाणी जमवले आणि त्यांच्यातले साम्य आकड्यांत मोजण्याची सोय केली. हे काम झगमगीत नाही, पण या क्षेत्रात सध्या सर्वांत गरजेचे हेच आहे.

स्किझोफ्रेनियावरच्या निष्कर्षाला तर आणखी एका प्रकारचा अभ्यास हवा. आजवरची आकडेवारी गटागटांतल्या सरासरीची आहे. सरासरीत फरक असला तरी समोरच्या एका तरुणाच्या अक्षरमालेवरून त्याचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही, कारण रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत खूप मिसळलेले असतात. जोखीम असलेल्या घरातल्या मुलामुलींचा ईईजी आजार दिसण्याआधी घ्यायचा, वर्षावर्षाने पुन्हा घ्यायचा, आणि क वाढणे, ड घटणे हे कुणाच्या बाबतीत आजाराच्या आधी आले ते पाहायचे, असा तो अभ्यास असेल. ईईजीचे यंत्र एमआरआयच्या मानाने खूपच स्वस्त असते, आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसणे कुणालाही जमते. उत्तर हो आले, तर उपचार लवकर सुरू करण्याची एक वाट उघडते. नाही आले, तरी कुठल्या आकड्यावर विसंबायचे नाही ते डॉक्टरांना आणि त्या घरांना नक्की कळेल.